मांडावरचं शेवटचं प्रकरण

सोमवार, १० फेब्रुवारी

समीक्षा,

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, पण पोस्टमनला ब्लॉक करता येत नाही. आमोण्याचा तुझ्या मावशीचा पत्ता सेजलने दिला. दिला म्हणजे मी भांडून घेतला. तिला काही बोलू नकोस. माझी बहीण म्हणून तिने आधीच पुष्कळ ऐकून घेतलंय.

तुमच्या दारात उभा राहून मी ओरडलो, तुझ्या बाबांना नको ते बोललो, ते वाड्यावरच्या घराघराने ऐकलं. ठीक आहे. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्या पोराला मुलगी देणार नाही, असं कुठलाही बाप म्हणेल. पण तू माझ्याकडे न बघता आत गेलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने निघून गेलीस, ते काही मला गिळता येत नाही. असो. भांडायला लिहीत नाहीये.

तू सुरू केलेलं रविवारचं वाचन चालू आहे. काल बारावं प्रकरण झालं. तू नाहीस म्हणून मी वाचलं. पार्वतीकाकी म्हणाल्या, "रुद्रेशा, तू वाचतोस की कुणाशी भांडतोस?" सगळे हसले. शंभू, आपला बस ड्रायव्हर, नेहमीसारखा उशिरा आला आणि नेहमीसारखी त्याने काकींशी पैज लावली. होडीवाल्याची बायको परत येणार, असं काकींचं म्हणणं. शंभू म्हणतो, गेलेलं माणूस कादंबरीत सुद्धा परत येत नाही. तू शेवटच्या प्रकरणाच्या पानांना सेफ्टी पिन लावून ठेवलीस ते बरं झालं, नाहीतर या दोघांनी कधीच चोरून वाचलं असतं. पिन तशीच आहे. तुझे बाबाही होते, खांबाला टेकून. माझ्याशी बोलले नाहीत, पण आले.

वाचन संपल्यावर दत्तारामबाबांनी समईकडे बोट केलं. "दिवो लायिल्ली खंय गेली रे?"

मी म्हटलं, आमोण्याला.

"मागीर शांत कोण करतलो?"

पहिला दिवस आठवतो ना? पंचायतीच्या सभागृहाची चावी कुणाकडे आहे ते कळेना, म्हणून आपण मांडावर बसलो. जिथे चपला काढल्याशिवाय कुणी पाय ठेवत नाही, होळीला शिगम्याचा पहिला ढोल जिथे वाजतो, तिथे आपण सतरंजी पसरली. तुला कॉलेजातली सवय, कार्यक्रम म्हटला की दीपप्रज्वलन. तू समई लावलीस. दत्तारामबाबा मांडाचे मानकरी, त्यांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं. कादंबरीला गाऱ्हाणं! आपण किती हसलो. ते हसले नव्हते, हे मला काल आठवलं. त्या दिवसापासून ते रोज तेल घालून ती समई तेवत ठेवतायत. आपल्याला वाटलं, म्हाताऱ्याची भक्ती.

तर नियम असा आहे म्हणे: मांडावर गाऱ्हाणं घालून जे चढवलं ते उतरवावं लागतं. ज्याने दिवा लावला त्यानेच तो शांत करायचा. तोवर मांड मोकळा नाही, आणि मांड मोकळा नाही तर शिगमो नाही.

मी तुला नुसतं सांगून ठेवतोय. तीन प्रकरणं राहिलीत.

रुद्रेश

*

मंगळवार, १८ फेब्रुवारी

समीक्षा,

तुझं उत्तर नाही. चालेल.

पार्वतीकाकी पडल्या. रविवारी वाचन संपवून मांडाच्या पायऱ्या उतरताना. खुब्याचं हाड मोडलंय, म्हापशाच्या इस्पितळात आहेत. वाचनासाठी त्यांनी नवा चष्मा केला होता ना, जवळचं बघायचा? तोच डोळ्यांवर ठेवून उतरायला गेल्या. पायरी कुठे आहे ते दिसलंच नाही.

मी आणि शंभूने उचलून गाडीत घातलं. दुखत होतं तरी विचारत होत्या, "पुढचं प्रकरण माझ्याशिवाय वाचणार काय रे तुम्ही?"

खाली बरीच माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, मांड अर्धवट राहिलाय, लावणारी सोडून गेली, म्हणून हे. सगळे एकदम गप्प झाले. तसली शांतता मी याआधी आपल्या वाड्यावर ऐकली नव्हती. पोदेर पावाचे उंडे विकायला आला होता, तो सुद्धा भोंपू न वाजवता गेला.

कोण म्हणालं ते महत्त्वाचं नाही.

तू सरळ ये ना. एका दिवसाचं काम आहे. शेवटचं प्रकरण तुझ्या आवाजात होऊ दे, समई शांत कर, काकींना म्हापशाला भेट आणि संध्याकाळच्या बसने परत जा. मी तुझ्याशी बोलणार सुद्धा नाही. शपथ. लांब बसेन, बांकावर.

खरं सांगू? लोक तुझं नाव घेतात तेव्हा मला बरं वाटतं. आमच्या घरात तर कुणी घेतच नाही.

रुद्रेश

*

सोमवार, २४ फेब्रुवारी

समीक्षा,

काल मांडावर पाय ठेवायला जागा नव्हती. आपण वाचनाला माणसं जमवायला घरोघर फिरलो तेव्हा "वेळ कुणाला आहे गो?" म्हणणारे सगळे आले. तू बघायला हवं होतंस, असं आधी वाटलं. मग लक्षात आलं, एकही माणूस ऐकत नाहीये. मी वाचत होतो आणि ते समईकडे बघत होते. समईकडून तुझ्या बाबांकडे. पुन्हा समईकडे.

तुझे बाबा खांबाला टेकून बसले होते. त्यांच्या दोन्ही बाजूंची सतरंजी रिकामी. इतकी गर्दी, आणि तेवढीच जागा रिकामी.

शनिवारी शंभूची बस मोरीवर घसरली. प्रवाशांना काही झालं नाही, त्याच्या कपाळाला टाके पडले. तो स्वतः सांगतोय, अरे ब्रेक गेला, मालकाला मी महिनाभर सांगत होतो. पण त्याचं कोण ऐकतंय? तो वाचनाला येणारा, एवढं पुरलं. "आनी एक," असं दत्तारामबाबा म्हणाले. नुसतं तेवढंच.

तुमच्या दुकानावर कुणी चढत नाही. मी आज सकाळी मुद्दाम जाऊन साबण घेतला. तुझ्या बाबांनी साबण पुढे ठेवला, पैसे घेतले आणि म्हणाले, "रुद्रेश, चौदावं प्रकरण घाईत वाचलंस. तो होडी जाळतो तिथे थांबायला हवं होतं." मला वाटलं होतं, शिव्या देतील. त्या दिल्या असत्या तर बरं.

गौरेश तिठ्यावर तुझ्याबद्दल काहीतरी बोलला. मी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. चौघांनी सोडवलं. घरी आल्यावर सेजल हळद लावत म्हणाली, "मारायचं तर मार, पण पहिलं तोंड कुणी उघडलं होतं रे? पार्वतीकाकी पडली तेव्हा?"

मी म्हटलं, माणसं काहीही बोलतात.

"माणसं नाही, दादा. मी पायरीवरच उभी होते."

शेवटचं प्रकरण तू आल्याशिवाय वाचायचं नाही, असं दत्तारामबाबांनी सांगितलंय. होळी तेराला आहे. त्याआधीचा शेवटचा रविवार नऊ मार्च. ये समीक्षा. बाबांसाठी तरी ये.

रुद्रेश

*

बुधवार, ५ मार्च

समीक्षा,

तुझं कार्ड मिळालं! "रविवारी दुपारच्या बसने येते. बाबांसाठी. तुझ्यासाठी नाही." चालेल, चालेल, कुणासाठीही ये. तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे पळणारं. मी कार्ड खिशात घेऊन पेडण्याच्या बाजारात उगाच दोन चकरा मारल्या. काजूच्या बोंडांचा वास सगळीकडे आहे, डोकं हलकं झालं. नवा शर्ट घेतला. हसू नकोस.

पुढच्या वर्षी परीक्षा देतो, हेही सांगायचं होतं. समोर सांगेन. नाही, बोलणार नाही म्हणालो होतो. मग सेजल सांगेल.

परतताना दत्तारामबाबा मांडावर तेल घालत होते. मी लांबूनच ओरडलो, "येतेय!"

त्यांनी वात सारखी केली. मग विचारलं, "खंयच्या बशीन?"

दुपारच्या, म्हटलं.

गौरेश तिथेच होता, ढोलाचं कातडं बघत. माझ्याशी त्या दिवसापासून बोलला नव्हता. आज हसला. म्हणाला, "आम्ही पाचजण जातो तिठ्यावर, तिला आणायला."

"पाच कशाला? बॅग घेऊन येतेय, कपाट घेऊन नाही."

कुणी हसलं नाही.

समीक्षा, तिठ्यावर मी पण असेन. पहिला मी असेन.

रुद्रेश

*

शनिवार, ८ मार्च

समीक्षा,

येऊ नकोस.

हे पत्र सेजल हातात आणून देतेय, पोस्टाचा भरवसा नाही. तुझ्याशी फोनवर बोलली तर तू तिचं ऐकणार नाहीस, "बाबा एकटे आहेत" म्हणून निघशीलच. म्हणून वाच, आणि पूर्ण वाच.

काल संध्याकाळी दत्तारामबाबांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, तुझं तिच्याकडे मन आहे, म्हणून आधी सांगतो, मध्ये पडू नकोस. त्यांचा आवाज प्रेमळच होता. म्हणूनच जास्त भीती वाटली.

दिवा शांत करून काम संपणार नाही. तो शांत केला की विझलेली समई तेलासकट तुझ्या डोक्यावर देणार. मग गाऱ्हाणं. वाड्यावर जे जे झालं ते एकेक करून तुझ्या पदरात घालणार. पार्वतीकाकींचा खुबा, शंभूची बस, कुणाची गाय आटली, कुणाच्या सुनेचं पोट पडलं, लोकांनी जोडत जोडत किती काय आणलंय. मग ढोल लावून तुला वेशीची राखण करणाऱ्या देवचाराच्या झाडापर्यंत चालवत नेणार. समई तिथे ठेवायची आणि मागे न बघता पलीकडे जायचं. परत आत यायचं नाही.

मी विचारलं, किती वर्षं?

"मांडाक वर्सां कळनात, पुता."

"आधी कुणाला नेलंय?"

"म्हज्या बापायच्या वेळार. एकाक."

"तो परत आला?"

त्यांनी समईत तेल घातलं.

मी ओरडलो, पोलिसांत जाईन. ते म्हणाले, जा. कुणी मारणार नाही तिला, कुणी हात लावणार नाही. नारळ देऊन वेशीपर्यंत सोडायला जाणं हा कुठला गुन्हा? आणि तुझ्या बाबांना दुकान याच वाड्यावर चालवायचं आहे.

पेडण्याच्या पोलीस ठाण्यात जाऊन आलो तरीही. तिथल्या साहेबांनी विचारलं, "घडलंय काय काही? मग घडल्यावर ये."

आता दुसरं. पार्वतीकाकी पडल्या तेव्हा "लावणारी सोडून गेली म्हणून" असं जे कुणी म्हणालं ना, तो मी. चष्मा मला माहीत होता. त्यांच्या डोळ्यांवरून मीच तर काढला. पण तुझं नाव तोंडात आलं, आणि वाटलं, या निमित्ताने तू येशील. इतकंच. एक वाक्य. ते आता माझं राहिलंच नाही, मी परत मागायला गेलो तर मलाच ओळख दाखवत नाहीत. दत्तारामबाबांना हेही सांगून बघितलं. म्हणाले, "तुज्या तोंडांतल्यान मांडूच उलयलो." म्हणजे मी नव्हे, मांडच बोलला म्हणे.

पुस्तक सोबत पाठवतोय. शेवटचं प्रकरण तू तिकडेच वाच, मावशीच्या जनेलातल्या उजेडात बसून. पिन तशीच आहे. काय झालं त्या बाईचं, ते मला कळवू नकोस.

उद्या मांडाचं काय करायचं ते मी करतो. तू बसमध्ये पाय ठेवू नकोस. याआधी तुझ्याकडे मागितलेलं सगळं मी परत घेतो, फक्त हे एक ऐक.

रुद्रेश

*

सोमवार, १० मार्च
पेडणे

समीक्षा,

तू आली नाहीस. बसमधून मासळीवाली आणि दोन मास्तर उतरले, पाचजण त्यांच्याकडे बघत राहिले. मला तेव्हा किती हलकं वाटलं, ते कागदावर येणार नाही.

मी आता बाजारामागे शंभूच्या खोलीवर आहे. सगळं सांगतो, नाहीतर तुला भलतंच ऐकायला मिळेल.

अख्खा वाडा मांडावर होता. तू बसमध्ये नव्हतीस म्हटल्यावर कुजबूज सुरू झाली, आणि सगळ्या माना तुझ्या बाबांकडे वळल्या. मुलगी नाही तर बाप, असं कुणी बोललं नाही, पण ते झालंच होतं. तुझे बाबा उठून उभे राहिले. त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, समीक्षा. जायची तयारी केल्यासारखं.

मी पुढे गेलो आणि समई विझवली. पदराने नाही, फुलाने नाही. तोंडाने फुंकली. पाचही वाती.

दत्तारामबाबांनी कानांवर हात ठेवले, डोळ्यांवर नाही, कानांवर. मी म्हटलं, बोललो मी, मोडला मी, विझवला मी. आता घाला कुणाच्या पदरात घालायचं ते. गौरेशने थोबाडीतली बाकी फेडली, व्याजासकट. बाकीच्यांना तुझ्या बाबांनी अडवलं. "पुरे," म्हणाले, "तो चालतोय ना, चालू दे."

समई जड असते. तेल अजून गरम होतं, मानेवरून पाठीत उतरत गेलं. नवा शर्ट गेला. गाऱ्हाण्यात गाय आली, सून आली, बस आली. शंभू गर्दीत उभा राहून ओरडत होता, "अरे, ब्रेक! ब्रेक!" ढोल लागल्यावर त्याचा आवाज बुडाला. देवचाराच्या झाडाखाली मी समई ठेवली. मागे बघितलं नाही. म्हणजे बघणार होतो, पण सेजल रडताना दिसली असती.

आज तुमचं दुकान उघडं आहे. गिऱ्हाईकं चढली. सेजलने फोनवर सांगितलं, तुझे बाबा सगळ्यांना काटेकोर माप देतायत आणि कुणाशी बोलत नाहीयेत.

एक गंमत सांगतो. दत्तारामबाबा म्हणतात, दिवा शांत झाला नाही, फुंकला गेला. त्यामुळे मांड मोकळा झाला नाही, मोडला. तो सांधायचा एकच मार्ग, म्हणे. लावणारीने होळीच्या आत परत येऊन दिवा लावावा, उरलेलं पुरं करावं आणि स्वतःच्या हाताने शांत करावा. मग मलाही आत घेतील, माझा भार उतरेल. समई त्यांनी झाडाखालून उचलून परत मांडावर नेऊन ठेवलीय, तुझी वाट बघत. ऐकून मी आणि शंभू पोट धरून हसलो. तूही हस.

इथे बरं आहे. शंभूला घोरायची सवय आहे, आणि त्याला ती मान्य नाही.

रुद्रेश

*

गुरुवार, १३ मार्च
पेडणे, सकाळी

समीक्षा,

हे पत्र शंभू मोटारसायकलने आमोण्याला घेऊन येतोय. तू दार उघडलंस तर वाचायच्या आधी त्याच्यासमोर नुसती मान हलव. तो तिथूनच मला फोन करील.

सेजलचा आता फोन आला होता. सकाळी पाण्याला जाताना तिने बघितलं, मांडावरची समई पेटलेली आहे. पाचही वाती. दत्तारामबाबांना विचारलं तर ते म्हणाले, मी लावली नाही. त्यांना खोटं बोलता येत नाही, ते मलाही माहीत आहे.

समईजवळ पुस्तक आहे. आपलं पुस्तक. शेवटचं प्रकरण उघडलेलं, आणि सेफ्टी पिन काढून, मिटून, पानांच्या मध्ये उभी ठेवलेली. तू ठेवतेस तशी.

ते पुस्तक तर तुझ्याकडे होतं.

सेजललाही तुझा फोन बंद लागतोय. तुझे बाबा म्हणतात, घरी कुणी आलेलं नाही, आणि त्यांनी दुकान उघडं टाकून शोधायला सुरुवात केलीय. तिठ्यावरच्या चहावाल्याने पहिल्या बसने एक बाई उतरलेली बघितली. पाचजण तिच्या मागून चालत होते म्हणाला. त्याला वाटलं, होळीचे पाहुणे.

मांड सांधायचा तो मार्ग मी तुला लिहायला नको होता. हसण्यासाठी लिहिलं होतं गो. कुठलंही पुस्तक तुला अर्धं सोडता येत नाही, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

शेवटी सेजलला विचारलं, मांडावर आत्ता कोण आहे? म्हणाली, "कोणीच नाही, दादा. दिवा जळतोय आणि कोणीच नाही. गौरेशच्या अंगणात ढोल तापवायला घेतलेत."

तू आमोण्यात असलीस, तर मी मूर्ख आहे. आयुष्यभर मला मूर्ख म्हण, मी ऐकून घेईन.

मी झाडाकडे निघालोय. वेशीच्या आत पाऊल ठेवायचं नाही, असं मला सांगितलंय. शंभूच्या फोनची वाट झाडाखाली उभा राहून बघेन.

ढोल वाजला, तर वाट नाही बघणार, आत शिरेन.

रुद्रेश